टॉरिडनचा वालुकाश्म

महोदय,

परदेशातील डोंगरभटकंती म्हटली की आपल्याकडे आल्प्सच आठवतो, म्हणून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील टॉरिडनकडे लक्ष वेधतो. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या तांबूस वालुकाश्माच्या आडव्या थरांचा लीअगाख हा १,०५५ मीटरचा डोंगर खाडीलगत जवळजवळ समुद्रसपाटीपासूनच उठतो. त्यामुळे आकडा पाहून त्याला कळसूबाईपेक्षा सोपा समजणाऱ्याची खोड पहिल्याच तासात मोडते. माथ्यावरील अरुंद धारेवरचे सुळके हातापायांनी चढून ओलांडावे लागतात. पाऊस सोबतीला असतोच. तेथे २००३च्या कायद्याने खासगी डोंगरांवरूनही जबाबदारीने चालण्याचा हक्क सर्वांना दिला आहे आणि घाटवाटांवर कुंपणे पाहिलेल्या मला, खरे सांगायचे तर, हेवा त्याचाच अधिक वाटला.

– एक वाचक, पुणे