एरर मेसेज सुधारणाऱ्या ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातील वेर्णे औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहानशा कारखान्यात शीतगृहांचे तापमान-नियंत्रक तयार होतात. त्यांतील एसटीएम३२ प्रोसेसर, म्हणजे नियंत्रक चालवणारी चिप, डीबगरला (चिपमधील दोष शोधण्याच्या सॉफ्टवेअरला) दाद देत नाही म्हणून बाद ठरवलेले बोर्ड आज पुन्हा कामाला लागले आहेत, ते केवळ आपल्यामुळे. खासगीत आभार मानून माझे समाधान होईना, म्हणून हे जाहीर पत्र.

टार्गेटशी, म्हणजे समोरच्या चिपशी, जोडणी झाली नाही, एवढ्याच अर्थाची डीबगरची ओळ पडद्यावर येत असे. केबल सैल आहे, वीज नाही की चिपच जळाली, याचा काही बोध होत नसे. ज्यांच्याकडून प्रोब (संगणक आणि बोर्ड जोडणारे उपकरण) घेतला त्यांनी बोर्ड बदलण्यास सांगून हात झटकले आणि जाणकार म्हणवणाऱ्यांनी ‘मॅन्युअल वाचा’ एवढ्यावर बोळवण केली. त्या उत्तरांनी आमची नवी मुले किती खचली हे मी पाहिले आहे. तो राग अजून गेलेला नाही.

आपण मात्र मुळाशी गेलात. बाहेरून करून घेतलेल्या फर्मवेअरने, म्हणजे चिपमधील प्रोग्रॅमने, सुरू होताच पीए१३ आणि पीए१४ या डीबगच्या पिना दुसऱ्याच कामाला जुंपल्या होत्या. रीसेट दाबून धरून जोडणी करताच चिप बोलू लागली. एवढ्यावर थांबला असतात तरी आम्ही ऋणी राहिलो असतो, पण आपण तो संदेशच बदलायला घेतलात आणि मसुदा पाठवून आमच्या टेस्टिंगच्या टेबलावरील मुलीला विचारलेत, “हे वाचल्यावर तुझा हात आधी कुठे जाईल?” ती डिचोलीची, आयटीआय झालेली, असे तिला आजवर कोणी विचारले नव्हते. ‘डीएपी’ म्हणजे काय ते समजत नाही, असे तिने भीतभीत कळवले. आपण तो शब्द काढलात आणि बोर्डाला ३.३ व्होल्ट मिळत आहेत पण डीबग पिनांवरून उत्तर नाही, रीसेट धरून पुन्हा जोडा, असे सरळ लिहिलेत. व्होल्टेजचा आकडा प्रोब आधीपासूनच मोजत होता. तो अडलेल्या माणसासमोर ठेवावा, हे आपल्याला सुचले. समोरच्याला कमी न लेखता त्याच्या अडचणीपाशी बसणारी अशी माणसे आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचे काम चालते.

फ्लॅशमध्ये, म्हणजे चिपच्या स्मृतीत, प्रोग्रॅम लिहिताना येणारा संदेश अजून तसाच मोघम आहे. चिपला वाचन-संरक्षण (आतला प्रोग्रॅम वाचू न देणारे कुलूप) लावलेले आहे की लिहिण्यातच बिघाड झाला, हे त्यातून उमगत नाही. त्याचा पहिला मसुदा ती मुलगीच लिहीत आहे. तो आपण तपासून द्यावा, ही नम्र विनंती.

आपला कृतज्ञ,
वेर्णे येथील एक लघुउद्योजक