विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून लगेच कॉम्प्युटर बदलायचा का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १० चा सपोर्ट संपल्याबद्दल आपल्या अंकात लेख आला होता तो वाचला आणि त्यावर आलेली वाचकांची पत्रंही वाचली. लेखाचा सूर असा की नवीन कॉम्प्युटर घ्या नाहीतर हॅकर दारात उभाच आहे, आणि पत्रांचा सूर बरोब्बर उलटा, की काही होत नाही हो, आम्ही अजून विंडोज ७ वापरतोय. मला दोन्ही पटलं नाही म्हणून हा लेखनप्रपंच. "जरा बघतोस का रे, काहीतरी मेसेज येतोय" म्हणून ज्याला हाक मारली जाते असा एक माणूस प्रत्येक गोतावळ्यात असतो, आमच्यात तो मी आहे, त्यामुळे सध्या हाच विषय रोज कानावर येतो. माझं म्हणणं एवढंच की तारीख बघून ठरवू नका, त्या मशीनवर काय काम चालतं ते बघून ठरवा.

आधी १४ ऑक्टोबर २०२५ ला नेमकं झालं काय ते सांगतो. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी फुकट येणारे सिक्युरिटी अपडेट यायचे बंद झाले. बास. कॉम्प्युटर चालू होतो, फायली उघडतात, प्रिंटर चालतो. विंडोजमध्येच असलेल्या डिफेंडर या अँटिव्हायरसची व्हायरस ओळखायची यादीसुद्धा ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट होत राहणार असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय. त्यामुळे "काही होत नाही" वाले पहिले काही महिने खरे ठरतात आणि तिथेच फसायला होतं. कारण विंडोज १० आणि ११ चा आतला बराचसा कोड एकच आहे. ११ साठी पॅच, म्हणजे एखादं भोक बुजवणारी दुरुस्ती, आला की हल्ला करणारे लोक जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून ताडून बघतात, काय बदललंय त्यावरून भोक कुठे होतं ते कळतं, आणि तेच भोक १० मध्ये असेल तर ते तसंच उघडं राहिलेलं असतं. म्हणजे ११ चं प्रत्येक अपडेट हे १० वाल्यांच्या विरोधात वापरता येईल अशी खूणच झाली. हा धोका एका दिवसात येत नाही, महिन्यामहिन्याने साठत जातो.

वॉनाक्राय या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं उदाहरण सगळे देतात पण अर्धवट देतात. मे २०१७ मध्ये तो जगभर पसरला, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या हॉस्पिटलांची कामं ठप्प झाली, आणि लोकांच्या डोक्यात बसलं की जुनं विंडोज एक्सपी वापरत होते म्हणून झालं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता हे खरं, आणि मायक्रोसॉफ्टने हल्ल्यानंतर घाईघाईने एक्सपीसाठीही पॅच काढला हेही खरं. पण लागण झालेल्यांमध्ये सगळ्यात जास्त मशीन विंडोज ७ ची होती, जिला तेव्हा व्यवस्थित सपोर्ट होता, आणि तिचा पॅच मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी येऊन पडला होता. लोकांनी टाकला नव्हता. तेव्हा ज्यांच्या मशीनवर "रीस्टार्ट लेटर" कित्येक आठवडे दाबलं जातं त्यांनी विंडोज ११ घेतलं काय आणि न घेतलं काय, फारसा फरक पडत नाही.

आता काय करायचं ते. विंडोज ११ चालत नाही असा मेसेज आला म्हणजे विषय संपला असं धरू नका. मध्ये एका नातेवाइकांचा डेस्कटॉप बघितला, मशीन २०१९ चं, प्रोसेसर आठव्या पिढीचा, तरी मेसेज येतोय की टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून टीपीएम डॉट एमएससी टाइप केलं तर तिथेही सापडत नाही म्हणाला. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये शिरलो, सिक्युरिटीच्या पानावर एकदम खाली इंटेल प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी अशी ओळ आणि समोर डिसेबल्ड. टीपीएमचं इंटेलच्या मशीनवरचं नाव हेच. एनेबल केलं, सेव्ह केलं, मशीन पास! काका तोपर्यंत नवीन मशीनचं कोटेशन घेऊन बसले होते. एएमडीच्या मशीनवर हीच गोष्ट एफटीपीएम नावाने असते. मात्र एक सांभाळा. जुनं विंडोज लेगसी मोडमध्ये (मशीन सुरू व्हायच्या जुन्या पद्धतीत) टाकलेलं असेल तर बायोसमध्ये नुसतं यूईएफआय, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी नवी पद्धत, करून चालत नाही, मशीन बूटच होत नाही, आधी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआरवरून नव्या जीपीटीवर न्यावी लागते, त्याचं टूल विंडोजमध्येच आहे पण बॅकअप घेतल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर आपलाच डेटा आपल्यालाच उघडता येत नाही अशी पाळी येते.

आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल असेल तर मात्र अधिकृत रस्ता बंद. म्हणजे प्रोसेसरच्या नावात आय५ च्या पुढच्या नंबरची सुरुवात ८ ने असली तर आत, ७ ने असली तर बाहेर. यावर माझा खरा राग आहे. २०१७ मध्ये घेतलेलं, आठ जीबी रॅम, एसएसडी टाकलेलं मशीन आजही फर्स्ट क्लास चालतं आणि ते केवळ यादीत नाव नाही म्हणून बाद. आणि यादी काही दगडावरची रेघ नव्हे बरं का, सातव्या पिढीतला ७८२०एचक्यू हा एक प्रोसेसर नंतर आत घेतला गेला, तो कशात होता तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या कॉम्प्युटरमध्ये. ठीक आहे, सुरक्षिततेची कारणं देतात, त्यातली काही खरीही आहेत, पण सामान्य माणसाला हे कोण समजावणार?

अशा मशीनसाठी सध्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट, म्हणजे विंडोज १० लाच वाढीव मुदतीत मिळणारे सिक्युरिटी अपडेट, जो १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा आहे, आणि लेखात याचा एका ओळीत उल्लेख करून सोडून दिलं याचं मला आश्चर्य वाटलं. घरगुती वापराला ३० डॉलर, किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट, किंवा विंडोज बॅकअपमधून सेटिंग सिंक केलं तर फुकट. विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असली पाहिजे, सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर एनरोलची (नाव नोंदवायची) लिंक दिसते. एका अकाउंटवर १० मशीनपर्यंत चालतं, म्हणजे घरातले दोन-तीन कॉम्प्युटर एकातच उरकतात. उशिरा एनरोल केलं तरी मधले राहिलेले अपडेट येतात. अट एकच, मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, आणि ज्यांनी इतकी वर्षं हट्टाने लोकल अकाउंट (फक्त त्या मशीनपुरतं) वापरलं त्यांना ते टोचणार, मलाही टोचलं. ऑफिसांसाठी हिशोब निराळा आहे, तिथे मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. हे मुद्दामच असं ठेवलंय की तुम्ही कंटाळून बदला. पण घरच्या माणसाने हे वर्ष घ्यावं आणि त्यात पुढचं ठरवावं, नुसतं ढकलून देऊ नये, नाहीतर ऑक्टोबर २०२६ मध्ये परत हीच धावपळ.

पुढचं म्हणजे काय, तर बऱ्याच जणांसाठी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. इथे तिची भक्तमंडळी इतकं गोड बोलतात की ऐकणारा घाबरतो, म्हणून सरळ सांगतो. ब्राउझर, मेल, व्हिडिओ, थोडं लिखाण एवढंच काम असेल तर लिनक्सचाच एक सोपा प्रकार, लिनक्स मिंट, बिनधास्त टाका, मिंट २२ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे (तारीख तिथेही असते, लिनक्स अमर आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, फरक एवढाच की पुढची आवृत्ती फुकट मिळते आणि साधारण त्याच मशीनवर चालते). मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्येच मिळतो. पण मॅक्रो भरलेल्या एक्सेल शीट असतील, अकाउंटिंगचं विंडोजचंच सॉफ्टवेअर असेल, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असेल किंवा फोटोशॉपवर पोट असेल तर मिंट टाकून स्वतःचा छळ करू नका. आणि आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा, डिस्कला हात न लावता सगळं दिसतं. बघायच्या गोष्टी म्हणजे वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर पान काढतो का, आणि लॅपटॉप झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का. या शेवटच्यावर बऱ्याच लॅपटॉपची विकेट पडते. वयस्कर माणसांच्या मशीनवर टाकायचं तर हाकेच्या अंतरावर कोणीतरी जाणता हवा, नाहीतर त्यांना एक्स्टेंडेड अपडेटवरच ठेवा.

रुफससारखं टूल वापरून जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवायचा जुगाड सगळीकडे सांगितला जातो. बसतं, चालतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळेलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, मोठी आवृत्ती आली की बहुतेकदा पुन्हा हाताने खटाटोप, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर कोअर २ ड्युओच्या काळातली मशीन बूटच होत नाहीत कारण प्रोसेसरमध्ये लागणारी इन्स्ट्रक्शनच नाही. ज्याला हे वाचून मजा वाटली त्याने करावं. दुसऱ्याला करून देऊ नये, कारण बिघडलं की फोन तुम्हालाच येतो.

आणि काही मशीनला काहीच करायची गरज नाही. एखाद्या जुन्या स्कॅनरला किंवा कारखान्यातल्या यंत्राला जोडलेला कॉम्प्युटर, ज्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर मिळतच नाही, त्याचं नेटवर्क काढा, वायफाय बंद करा आणि चालू द्या. फक्त त्यात जाणारा पेनड्राइव्ह दुसऱ्या अपडेटेड मशीनवर तपासून मगच लावा, कारण नेट नसलेल्या मशीनमध्ये व्हायरस त्याच वाटेने येतो.

विंडोज ७ वाल्या पत्रलेखकांना एक सांगायचंय. तुमचं विंडोज जानेवारी २०२० मध्ये संपलं तरी क्रोम तुम्हाला २०२३ च्या सुरुवातीपर्यंत १०९ व्या आवृत्तीपर्यंत मिळत राहिला, म्हणून तुम्हाला काही जाणवलं नाही. त्यानंतर तुमचा क्रोम तिथेच थांबलाय. बँकेचं काम त्याच्यावर करत असाल तर कृपा करून बंद करा. साध्या माणसाने विंडोजइतकंच ब्राउझरच्या सपोर्टकडेही लक्ष ठेवायला हवं, कारण बाहेरच्या जगाशी संबंध तिथूनच येतो. विंडोज १० वर ब्राउझर अजून अपडेट होतायत.

मग नवीन कधी घ्यायचा? रॅम चार जीबी आणि वाढवता येत नाही, बॅटरी फुगलीये, बिजागरी तुटलीये, शिवाय कामाचं सॉफ्टवेअर विंडोजचंच, असं सगळं एकत्र आलं तर घ्या, जुन्यात पैसे घालू नका. सेकंडहँड घेणार असाल तर वर सांगितलेला प्रोसेसरचा नंबर पैसे द्यायच्या आधी स्वतः बघा, विकणाऱ्याच्या "विंडोज ११ आहे" वर जाऊ नका, ते रुफसने टाकलेलं असू शकतं. आणि जुना कोणाला देताना नुसत्या फायली डिलीट करून देऊ नका, रीसेट करताना ड्राइव्ह क्लीन करायचा पर्याय निवडा, वेळ लागतो पण लागू द्या.

आपल्याला एक विनंती. पुढच्या एखाद्या पुरवणीत बायोसमधलं टीपीएम कसं शोधायचं आणि एक्स्टेंडेड अपडेटला कसं एनरोल करायचं एवढं दोन कॉलमांत स्क्रीनच्या फोटोसकट छापलंत तर फार बरं होईल, आणि ते ऑक्टोबर २०२६ च्या आत छापा.

आपला,
एक नियमित वाचक