आप्पा, म्हातारा उभा करायला शिकवलंत

आदरणीय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

नायकाचा बाप, तलाठी, पोस्टमन, वाड्यावरचा दिवाणजी अशी कामं तुम्ही शाहू कलामंदिरातल्या नाटकांत आणि वाई-मेणवलीकडच्या शूटिंगांत आयुष्यभर केलीत. जाहिरातीत नाव क्वचितच आलं. तरी साताऱ्यात कुणाच्या वाट्याला म्हाताऱ्याचं काम आलं, की तो आधी तुमच्याकडे येतो. म्हणून हे जाहीर आभार.

म्हातारा म्हणजे कमरेत वाकायचं आणि आवाज थरथरवायचा, ही खोड तुम्ही मोडलीत. खरा म्हातारा ताठ राहायला धडपडत असतो. बसताना आधी पोटरीला खुर्ची लागू द्यायची, मग हातानं तिचा दांडा चाचपायचा, मग अंग सोडायचं. एवढं जमलं तर केसांत पावडर फासावी लागत नाही. ती दिव्याखाली उडते, पाठीवर थाप पडली की खांद्यावर सांडते. त्यापेक्षा पांढरा रंग जुन्या टूथब्रशनं फक्त कानशिलांवर लावायचा.

दाढी लावावी तर तुमच्याच हातानं. कातडी स्पिरिटनं पुसून कोरडी करायची, स्पिरिट गमचा, म्हणजे केस चिकटवायच्या डिंकाचा, पातळ हात द्यायचा आणि थांबायचं. बोट टेकवून उचलल्यावर चिकट ओढ लागली, की मगच क्रेपचे, म्हणजे दाढीचे नकली केस. ओल्या गमवर केस घसरतात, जाड थर वाळला की चकाकतो. सुरुवात हनुवटीखालून, मग वर गालाकडे, म्हणजे वरचे केस खालच्यांवर पडतात. ओलसर फडक्यानं दाबून घ्यायचं. मिशी सुटते ती ओठांच्या कोपऱ्यात, कारण तोंड तिथंच सगळ्यात जास्त हलतं. म्हणून ती चिकटवताना ओठ हसल्यासारखे ताणून धरायचे. काढताना ओढायचं नाही, स्पिरिटचा बोळा कडेनं फिरवायचा आणि नंतर खोबरेल.

कॅमेऱ्यासमोर जेवायचं असेल तर घास नखाएवढा. तोच प्रसंग आधी लांबून, मग जवळून, त्यात रिटेक. पोटभर खाल्लेल्याचं वाक्य दहाव्या खेपेला तोंडातच अडकतं. कप कुठल्या शब्दाला उचलला, कुठल्या हातानं, हे संहितेच्या कडेला पेन्सिलनं लिहायचं. संकलनात जुळलं नाही तर कात्री आधी छोट्या नटावर चालते.

आणि सगळ्यात अवघड काम, वाक्य नसताना उभं राहणं. दिवाणजीला वाक्यं दोन, रंगमंचावर वेळ वीस मिनिटं. तुम्ही समोरच्याची सगळी वाक्यं पाठ करायला लावलीत. बोलणाऱ्याकडे बघायचं, प्रेक्षकही तिकडेच बघतात. उगीच उपरणं सावरलं, तर नायकाचं वाक्य वाया गेलं. ही शिस्त इतक्या मायेनं दुसऱ्या कुणी लावली नसती, आप्पा.

तुमच्या पत्र्याच्या पेटीतला गम घट्ट झाला होता. नवी बाटली ठेवली आहे, झाकण आवळून.

आपले,
साताऱ्यातले हौशी रंगकर्मी