सहल ठरवा धाकट्याच्या जन्मतारखेवरून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावी आणि सीईटी आटोपली की चार-पाच मित्रमैत्रिणींनी आईवडिलांना घरी ठेवून बँकॉक, क्वालालंपूर नाहीतर सिंगापूर गाठायचं, ही टूम आता कोथरूडपासून पिंपरीपर्यंत पोचली आहे. घरोघरी वाद होतो तो पाठवायचं की नाही यावर. आम्ही पासपोर्ट-व्हिसाची कामं करणारी माणसं. आमच्या मते या भांडणात मुख्य गोष्ट राहूनच जाते. या सहली मुलांच्या वांडपणामुळे क्वचित फसतात. फसतात त्या गटातल्या सर्वांत धाकट्याच्या जन्मतारखेमुळे.

लहानपणी काढलेला पासपोर्ट पाच वर्षं किंवा वयाची अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. सिंगापूर, मलेशिया आणि आणखी बरेच देश मात्र प्रवेशाच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. समजा मुलगी २० नोव्हेंबरला अठराची होणार आहे आणि विमान १० जूनचं आहे. पासपोर्ट ‘चालू’ दिसतो, पण उरलेत पाच महिने दहा दिवस. विमान कंपनी काउंटरवरूनच परत पाठवते, कारण तिकडून प्रवासी परत धाडला गेला तर भुर्दंड कंपनीला बसतो. म्हणजे साडेसतरा ते अठरा या वयात जुना पासपोर्ट अशा देशांसाठी कपाटात ठेवण्याच्या लायकीचा.

यावर उपाय आहे, पण तो फार थोड्या पालकांना ठाऊक असतो. पंधरा पूर्ण झालेल्या मुलाला अर्ज करताना दहा वर्षांच्या मुदतीचा पासपोर्ट मागता येतो. ३६ पानी पुस्तिकेला १००० ऐवजी १५०० रुपये लागतात, तत्काळ हवा तर वर २०००. आईवडील दोघांच्या सहीचं ‘अ‍ॅनेक्शर डी’ हे प्रतिज्ञापत्र भरून मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यायची. पाचशे रुपये वाचवायला सोळाव्या वर्षी कमी मुदतीचा पासपोर्ट काढणं ही आमच्या मते शुद्ध चिक्कूगिरी आहे. अठराव्या वर्षी तीच फेरी पुन्हा मारावी लागते. आणि क्रम पाळा: आधी पासपोर्ट, मग व्हिसा आणि तिकीट. नव्या पुस्तिकेचा नंबर बदलतो. व्हिसाच्या अर्जात जुना नंबर गेला असेल तर तो निस्तरेपर्यंत जीव जातो.

तिकिटावरचं नावही पासपोर्टप्रमाणेच हवं. आपल्याकडे ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. पाच जणांची तिकिटं एकाने मोबाइलवर काढताना नेमकं वडिलांचं नाव गळतं. आडनावाचा रकाना रिकामा आणि नावही एकाच शब्दाचं असेल तर विमान कंपनीला विचारल्याशिवाय दुबईचा बेत करूच नका. एकाच शब्दाचं नाव असलेला पासपोर्ट संयुक्त अरब अमिरातीत पर्यटकाला सहसा चालत नाही.

बारा वर्षांवरच्या मुलाला विमान कंपन्या बहुधा एकटं नेतात, त्यामुळे पालक निर्धास्त होतात. पण कंपनीने नेणं वेगळं आणि तिकडच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याने आत घेणं वेगळं. अठराच्या आतल्या प्रत्येकासाठी इंग्रजीत संमतिपत्र करून नोटरी करून घ्यावं: प्रवासाच्या तारखा, मुक्कामाचा पत्ता, सोबत कोण, दोन्ही पालकांच्या सह्या, फोन नंबर आणि पासपोर्टच्या प्रती. गटातला अठराचा मित्र म्हणजे पालक नव्हे, हेही ध्यानात असावं.

हॉटेलचं दुखणं याहून अवघड. बुकिंगच्या अ‍ॅपवर पैसे भरताना वय कोणी विचारत नाही. खाली नियमांत मात्र ‘चेक-इनसाठी किमान वय १८’ लिहिलेलं असतं, क्वचित २१ सुद्धा. रात्री अकराला बॅगा घेऊन दारात उभं राहिल्यावर ते वाचून काय उपयोग? बुकिंगआधीच सगळ्यांची वयं कळवून हॉटेलचं लेखी उत्तर घ्या. दोन खोल्या असतील तर दोन्हींत एकेक अठरा पूर्ण झालेला हवा. तसा हिशेब बसत नसेल तर धाकट्याच्या वाढदिवसानंतर जा. दिवाळीची सुट्टी काही पळून जात नाही.

थायलंड, मलेशिया, सिंगापूर या तिन्ही देशांचं अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशाचा फॉर्म, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. ते मोफत आहे. पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे.

पैशांचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवं डेबिट कार्ड परदेशात बंदच असतं, ते बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावं लागतं. खातं मुलाचं आणि नोंदवलेला मोबाइल बाबांचा असेल, तर बँकॉकमध्ये सकाळी सातला आलेल्या ओटीपीसाठी इकडे साडेपाचला कोणीतरी जागं लागेल. थायलंडमधलं एटीएम दर खेपेला २०० बाथच्या वर शुल्क कापतं. रोज थोडेथोडे काढू नका. यंत्राने ‘रुपयांत की बाथमध्ये’ विचारलं तर बाथ. रुपये निवडले की दर ते यंत्र ठरवतं.

भाड्याच्या स्कूटरला साफ नाही म्हणा. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं. तिकडे त्याहून मोठी गाडी चालवून हात मोडला तर विमा कंपनी हात वर करते.

आता बॅग. पॉवर बँक हातातल्याच सामानात, १०० वॉट-तासांपर्यंत. नेहमीची २०,००० एमएएचची ७४ च्या आसपास भरते. लोणचं चेक-इनच्या बॅगेत. दिवाळीत जाणार असाल तर आजीने प्रेमाने बांधून दिलेले अनारसे घरीच खाऊन निघा: खसखस दुबईत आणि सिंगापुरात अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून परदेशी विमानं मोजकीच, त्यामुळे बहुतेकांना मुंबईच गाठावी लागते. इथे दरवर्षीची चूक तारखेची. तिकिटावर १५ तारीख, रात्री १२.४० असेल तर घर सोडायचं ते १४ ला. १५ च्या संध्याकाळी निघणाऱ्याचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. त्यात १४ ला रविवार आला, तर लोणावळ्याहून परतणाऱ्या मुंबईकरांच्या गाड्या घाटात खोळंबलेल्या असणार. अशा दिवशी दुपारी तीनलाच पुणं सोडावं.

पासपोर्ट-व्हिसाची कामं करणारे दोघे,
सदाशिव पेठ, पुणे