मनूस, एचएफबद्दल (हायड्रोफ्लोरिक आम्ल)

सातारा, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "सोमवारपासून एचएफ. रात्री लॅबमधला वाफा ओढणारा हूड रिकामा असतो, एकटीला निवांत जमतं." बाबा मॅच बघत होते, त्यांना ऐकू गेलं नाही ते बरंच झालं. मला झोप नाही.

लोणारच्या गाळाचं मला कौतुकच आहे. तळ्याच्या तळातून उभ्या काढलेल्या 10 मीटरच्या गाभ्यात सुमारे 11,000 वर्षांच्या पावसाची नोंद आहे. गेलुसाइट या खनिजाचे खडे सापडतात ते थर दुष्काळाचे, म्हणजे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा काळ आणि पुन्हा 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचा. त्यात तुझे परागकण बसवायचे म्हणजे मोठंच काम. आप्पा असते तर गल्लीभर सांगत फिरले असते.

पण परागकण मोकळे करायला गाळातली वाळू-माती एचएफने विरघळवशील, त्याच्या आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने सगळा चुना काढ. लोणारच्या गाळात कार्बोनेट भरपूर, भसाभस फेसाळेल. आम्ल थेंबाथेंबाने घाल, फेस चढला की थोडं अल्कोहोल शिंपड. चुना उरला तर एचएफमध्ये कॅल्शियम फ्लोराइडचा साका बसतो आणि मग स्लाइडवर काही दिसत नाही. नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्याच घे, काच एचएफ खातं. अ‍ॅसिटोलिसिसच्या (कणांभोवतीचा सेंद्रिय कचरा आम्लाने काढण्याच्या) आधी ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्लाने धुऊन पाणी पूर्ण काढ. मग नऊ भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड, एक भाग सल्फ्युरिक आम्ल. त्यात पाणी गेलं की उसळतं.

हे तुला सगळं पाठ असणार. शिकवणी लावली म्हणून रागावू नकोस.

पण एचएफ पातळ असेल तर कातडीवर पडल्यावर लगेच भाजत नाही, कधी कधी काही तासांनी दुखू लागतं. तोवर फ्लोराइड आत जाऊन रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि हृदयापर्यंत पोचतं. म्हणून पातळ नायट्राइल मोज्यांवर जाड निओप्रीनचे घाल. एचएफ लागलंच तर चोळायची कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवी, कपाटात कुलपात नको. आणि शेजारी माणूस हवाच.

खरं तर एचएफ हवंच का? सोडियम पॉलिटंगस्टेटच्या जड द्रावणात कण तरंगतात, खनिजं तळाशी बसतात. महाग आहे, पण गाळून पुन्हा वापरता येतं. सरांना विचारून तर बघ. मला ते जास्त पटतं, आणि ते फक्त आई म्हणून नाही.

तू सहावीत असताना यवतेश्वरच्या घाटात आप्पांच्या स्कूटरवरून उतरून गवताचे तुरे झटकायचीस आणि विचारायचीस, "हे कुठलं?" गवताचा कण गोल, एकच छिद्र, जात ओळखू येत नाही म्हटलं की रुसायचीस. आताही गवताची टक्केवारी वाढली की लगेच "गवत पसरलं" लिहू नकोस. झाडांचे कण कमी झाले तरी गवताचा टक्का आपोआप वर जातो. लायकोपोडियमची गोळी (तिच्यात मोजलेले बीजाणू असतात) सुरुवातीलाच, आम्लाआधी टाक, म्हणजे एका घनसेंटिमीटरात खरे किती कण ते कळेल. आणि अंजनीच्या झाडाचे कण दिसले नाहीत म्हणून अंजनी नव्हतीच असंही धरू नकोस. तिचं परागीकरण किड्यांवर चालतं, तळ्यापर्यंत फारसं काही उडत येत नाही.

काकूने कंदी पेढे दिलेत, उद्या कुरिअर करते. उत्तरात बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, पण जेलच्या ट्यूबवरची मुदतीची तारीख तेवढी कळव, आणि रात्री सोबत कोण असणार त्याचं नाव.

तुझी,
आई