ज्येष्ठ गायकाच्या नव्या गाण्यांना मैदान नको, रंगमंदिर द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात गाण्याच्या कार्यक्रमांचे फलक झळकू लागतात. त्यातच सत्तरी-ऐंशीतल्या एखाद्या गीतकार-गायकाच्या नव्या अल्बमची आणि दौऱ्याची बातमी आली, तर चाहत्यांमध्ये दोनच प्रश्न फिरतात : तिकिटे कधी सुटणार आणि जुन्यातली कोणती गाणी होणार. नव्या गाण्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कार्यक्रमात ती सुरू झाली की निम्मे प्रेक्षक चहाला उठतात. आयोजकही हे ओळखून मोठे मैदान घेतात, मोठे स्पीकर लावतात आणि गर्दी मोजतात. वय झालेल्या गायकाला आणि त्याच्या नव्या शब्दांना हे दोन्ही मारक आहे. मैफल रंगमंदिरात ठेवावी आणि श्रोत्यांनी नवा अल्बम पुरता ऐकून यावे, एवढेच आमचे मागणे आहे.

पॉल सायमनचे उदाहरण घ्या. १९४१ साली जन्मलेल्या या अमेरिकन गीतकाराने २०१८ मध्ये निरोपाचा दौरा करून दौऱ्यांना रामराम ठोकला होता. मग मे २०२३ मध्ये ‘सेव्हन साम्स’ हा नवा अल्बम आला. तो करत असतानाच त्याच्या डाव्या कानाची श्रवणशक्ती बरीचशी गेली. तरीही २०२५ मध्ये तो पुन्हा मंचावर आला, पण स्टेडियममध्ये नव्हे. ध्वनी नीट सांभाळता येईल अशी लहान नाट्यगृहे निवडली, पूर्वार्धात नवा अल्बम सलग सादर केला, मध्यंतर घेतले आणि मग जुनी गाणी म्हटली. कार्यक्रमाची अशी मांडणी आपल्या नाट्यसंगीताच्या प्रेक्षकाला तरी जड जाऊ नये.

आता घरी ऐकण्याबद्दल. नवे अल्बम २०१५ पासून जगभर शुक्रवारी येतात. अ‍ॅपवर ऐकताना आधी ‘शफल’, म्हणजे गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय, बंद करा. एक गाणे संपताना दुसरे त्यात मिसळण्याची सोय चालू असेल, तर तीही बंद करा. ‘सेव्हन साम्स’ तर सुमारे ३३ मिनिटांचा एकच अखंड ट्रॅक आहे, त्यातला ‘हिट’ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. ३२० केबीपीएस दर्जाला मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात, म्हणजे अख्खा अल्बम ८० एमबीच्या आत उतरतो. रेंज जाते-येते अशा खानापूरकडच्या गावांत तो वाय-फायवर आधीच उतरवून ठेवावा. पहिल्या ऐकण्याला मोबाइलचा स्पीकर नकोच. त्यातून खर्ज जवळजवळ गायब होतो, आणि म्हाताऱ्या आवाजाची सगळी गोडी खर्जात असते. पन्नास-साठ रुपयांच्या इअरफोनपेक्षा बरे काहीतरी घ्या, तेही शक्यतो वायरचे.

‘आवाज आता पूर्वीचा राहिला नाही’ ही तक्रार हटकून ऐकू येते. राहणार कसा? तरुणपणी पेटीच्या काळी चार पट्टीत गायलेले गाणे गायक आता काळी तीनमध्ये घेतो, म्हणजे पुरा एक स्वर खाली. यात फसवणूक कसली? शब्द स्पष्ट ठेवण्याची ही सोय आहे. गोंधळ होतो तो साथीदारांचा, कारण ते मूळ रेकॉर्डिंगवरून तालीम करून आलेले असतात. गिटारवाला कॅपो, म्हणजे तारांवर बसवायची पट्टी बदलणारी चिमटी, हलवून निभावून नेतो. बासरीवाल्याला दुसरी बासरी लागते आणि तबलजीला तबला पुन्हा लावावा किंवा बदलावाच लागतो. अशा गायकाच्या गाण्यांचे कार्यक्रम आपल्याकडे हौशी मंडळे करतात, त्यांनी पट्टी पंधरा दिवस आधी ठरवून सगळ्यांना कळवावी. ट्रॅकवर गाणाऱ्यांसाठी एक सूचना : सॉफ्टवेअरने ट्रॅक दोन-तीन अर्धस्वरांपेक्षा जास्त खाली ओढला की झांजा आणि कोरस विचित्र ऐकू येतात.

जाता जाता, कॅनडाचा गीतकार-गायक लिओनार्ड कोहेन याने २००८ मध्ये दीर्घ खंडानंतर दौरा सुरू केला तेव्हा तो ७३ वर्षांचा होता, आणि कार्यक्रम जवळजवळ तीन तास चालत. त्याआधी १९९९ पासून तो मुंबईत रमेश बाळसेकरांच्या सत्संगाला येऊन बसायचा. हे बाळसेकर म्हणजे निसर्गदत्त महाराजांची मराठी प्रवचने इंग्रजीत सांगणारे. तेव्हा हे पाश्चात्त्य बुवा आपल्यापासून फार लांबचे आहेत असे कुणी समजू नये.

खरा घोटाळा होतो तो ध्वनिव्यवस्थेत. मोकळ्या मैदानात रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण ती सणासुदीला जाते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. मैदानाच्या हद्दीवर त्याहून फार तर १० जास्त, म्हणजे ६५. उद्घाटन, सत्कार आणि भाषणे उरकून आठला गाणे सुरू करायचे आणि दहाला गुंडाळायचे, यात नव्या गाण्यांचा बळी आधी जातो. बंद सभागृहाला रात्री दहाची ही अट नाही. शिवाय मैदानात मागच्यांसाठी ६० मीटरवर दुसरे स्पीकर उभे केले, तर मंचावरचा आवाज तिथे पोचायला सुमारे १७५ मिलिसेकंद लागतात. मागच्या स्पीकरला तेवढा उशीर लावला नाही, तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हे गणित माहीत असूनही घाईत राहून जाते.

बेळगावात लोकमान्य रंगमंदिर किंवा कुमार गंधर्व रंगमंदिरासारखी वास्तू असताना मैदानाचा हट्ट कशाला? अर्थात सभागृहातही काळजी लागतेच. मागची भिंत मंचापासून २५ मीटरवर असेल, तर तिच्यावर आपटून आवाज सुमारे १४५ मिलिसेकंदांनी गायकाकडे परततो आणि त्याची लय डगमगते. स्पीकर भिंतीकडे न रोखता थोडे खाली, खुर्च्यांकडे वळवावेत. भिंतीवर जाड पडदा सोडता आला तर उत्तमच. तालमीच्या वेळी रिकामे सभागृह जास्त घुमते. माणसे भरली की घुमणे कमी होते. म्हणून रिकाम्या सभागृहात ठरवलेली पातळी अखेरची समजू नये आणि पहिल्या गाण्याला मिक्सरवरून हात काढू नये.

ज्येष्ठ गायकाला कमी ऐकू येत असेल तर तो मंचावरचा मॉनिटर, म्हणजे त्याचा आवाज त्यालाच ऐकवणारा स्पीकर, वाढवायला सांगतो, आणि शिट्टी सुरू होते. यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे मॉनिटर कमी करणे, आणि मग बिचारा गायक बेसूर ठरतो. मॉनिटरची जागा बदलून पाहा. साधा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा माइक असेल तर त्याच्या बरोबर पाठीमागून येणारा आवाज तो सर्वांत कमी घेतो, तेव्हा मॉनिटर गायकाच्या समोर मधोमध ठेवावा. सुपरकार्डिऑइड, म्हणजे त्याहून अरुंद टप्प्यातला आवाज घेणारा माइक असेल तर ती जागा मागे तिरकी, सुमारे १२५ अंशांवर असते. तिथे दोन मॉनिटर, डावा-उजवा. माइकची जाळी मुठीत धरू नये, कारण माइकचा सगळा गुण त्यामुळे जातो. एका कानाला कमी ऐकू येणाऱ्या गायकाला ‘कुठल्या बाजूने हवे’ हे आधी विचारले तर निम्मे काम होते. अकूस्टिक गिटार घुमू लागली तर तिच्या तोंडाला रबरी झाकण बसवावे.

आणि ती घरघर! दिव्यांचा डिमर आणि ध्वनीची जोडणी एकाच फेजवर असली की घरघर येऊ शकते. ती घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याची वाईट खोड मांडववाल्यांना आहे. गायकाचे ओठ माइकला आणि हात गिटारच्या तारांना लागलेले असतात. अर्थिंग तोडलेल्या उपकरणात दोष निघाला तर विजेचा धक्का थेट त्याला बसेल. ध्वनी आणि दिवे वेगळ्या फेजवर घ्या, गिटार डीआय बॉक्समधून, म्हणजे गिटारची जोडणी मिक्सरला जुळवून देणाऱ्या छोट्या डबीतून आणा आणि त्यावरचे ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण वापरून पाहा. पिनला मात्र हात लावू नका.

मोठ्या दौऱ्याची मैफल पुण्या-बेंगळुरूतच होणार हे गृहीत धरणाऱ्यांसाठी थोडे. तिकीटविक्रीच्या दिवशी नवा मोबाइल घेऊन यूपीआय सुरू करू नका. पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांचीच मर्यादा असते आणि ऐन वेळी पैसे अडकतात. ऑनलाइन रांगेत नंबर लागला की पान पुन्हा पुन्हा ‘रिफ्रेश’ करू नये. जानेवारी २०२५ च्या कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमांची तिकिटे काळ्या बाजारात कशी फिरली ते सर्वांनी पाहिले आहे, तेव्हा अनोळखी माणसाकडून तिकिटाचे छायाचित्र विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. पुण्याहून बेळगाव साधारण ३४० किलोमीटर, बेंगळुरूहून ५००. मैफल दहाला संपली तरी बाहेर पडायला तास जातो. मुंबईहून येणाऱ्या खासगी बस वाकड, चांदणी चौक, कात्रजकडून जातात. त्यातली साडेअकरानंतरची धरावी.

आयोजकांना एक विनंती. जाहिरातीत कलावंताच्या छायाचित्राखाली तीन ओळी छापा : गाणे सुरू होण्याची खरी वेळ, नव्या अल्बममधली किती गाणी होणार, आणि मध्यंतर किती मिनिटांचे. सत्कार हवेच असतील तर ते मध्यंतरात, पडद्याबाहेर उरकावेत. पंधरा मिनिटांचे मध्यंतर चहाच्या रांगेपायी अर्ध्या तासावर जाते, म्हणून चहाची दोन टेबले लावा. नाहीतर खानापूर-निपाणीची मंडळी शेवटच्या गाडीसाठी उठतात आणि अखेरची दोन गाणी रिकाम्या खुर्च्यांसमोर होतात.

आपले,
काही श्रोते आणि ध्वनिव्यवस्था सांभाळणारे,
बेळगाव