तो मांत्रिकामुळे गेला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात 'अंधश्रद्धेचा बळी' या मथळ्याखाली मण्यार हा विषारी साप चावून झालेल्या आमच्या वर्गमित्राच्या मृत्यूची बातमी आली; 'आजारी असताना मांत्रिकाकडे नेले' असे तीत आहे. मथळा चुकीचा आहे, मजकूर अर्धवट आहे आणि सोबतचा सापाचा फोटोही भलताच आहे. बातमीत त्याला 'अल्पशिक्षित शेतकरी' म्हटले आहे. आमच्या वर्गातून बारावी सायन्स पहिल्याच वेळी पास झालेल्या मोजक्या पोरांत तो होता. घरची शेती पाहायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून पुढचे शिक्षण सुटले. गावात कोणाला पान लागले, म्हणजे साप चावला, की झाडफूक करू नका, गाडी काढा, असे सांगणारा तोच होता. अशा माणसाचे नाव जिल्हाभर अंधश्रद्धाळू म्हणून वाचले गेले, हे आम्हा वर्गमित्रांना फार लागले आहे.

तुमच्या वार्ताहराने शेवटचा अर्धा तास तेवढा लिहिला. त्याआधीचे चार तास कुठे गेले? सोयाबीनमध्ये रोही (नीलगायी) आणि डुकरे शिरतात म्हणून तो जागलीला गेला होता. पाऊस होता, म्हणून माचीवर न झोपता गोठ्यात कुटाराच्या बाजूला खालीच अंथरूण टाकले. पहाटे चारच्या सुमारास पोट दुखू लागले, दोन उलट्या झाल्या. अंगावर जखम नाही, सूज नाही. घरच्यांनी तेव्हाच जवळच्या आरोग्य केंद्रात नेले. तिथे पित्ताचे इंजेक्शन आणि गोळ्या देऊन घरी पाठवले. आठ वाजता पापण्या मिटू लागल्या, शब्द जड झाले. आता हे बाहेरचे दिसते, असे कोणीतरी म्हटल्यावर त्याला जाणत्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे नेले. तो अर्धा तास वाया गेला, हे खरेच. पण ही माणसे आधी दवाखान्यातच गेली होती. तिथून परत पाठवल्यावर त्यांनी आणखी काय समजायचे?

पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाचे पहाटे अचानक पोट दुखू लागले, उलटी झाली, तर दुसरे काही ठरेपर्यंत तो मण्यारचा दंश समजायचा. आरोग्य खात्यातल्या प्रत्येकाला हे पाठ हवे. मण्यार रात्री फिरतो, त्याचे दात बारीक असतात, झोपेतल्या माणसाला चावल्याचे कळतही नाही. घोणस चावली तर सूज येते, आग होते, रक्त येते. मण्यारच्या दंशात यातले काही नसते. कधी घसा दुखतो, सांधे दुखतात. मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, थुंकी गिळता येत नाही, आवाज नाकातून येतो. उताण्या झोपलेल्या माणसाला मान उचलायला सांगा, त्याला उचलता येत नाही. एका श्वासात आकडे मोजायला लावा आणि दर १५ मिनिटांनी पुन्हा मोजायला लावा. आकडा घटत गेला की श्वासाचे स्नायू हरत आहेत असे समजायचे. या तपासणीला कुठलेही यंत्र लागत नाही. रोग्याला थांबवून घेऊन त्याच्याकडे पाहत राहावे लागते.

आणखी एका गोष्टीने फसगत होते. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. घोणस, फुरसे यांच्या विषाने ते गोठत नाही. मण्यारच्या विषात रक्त नेहमीसारखे गोठते, कारण ते विष मज्जातंतूंवर काम करते. म्हणून रक्त गोठले याचा अर्थ विष नाही असा होत नाही.

लक्षणे दिसली की सर्पविषावरील लस, म्हणजे एएसव्ही, सुरुवातीलाच १० कुप्या सलाइनमधून तासाभरात द्यायची असते. लहान मुलालाही तेवढीच, कारण साप वजन पाहून विष सोडत नाही. रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन भरून जवळ ठेवायचे, पण रिॲक्शनच्या भीतीने लस रोखून धरायची नाही. लक्षणे वाढत गेली तर तासा-दोन तासांनी आणखी १०. उशीर इतका का भोवतो, तेही छापा. लस रक्तात फिरणारे विष निकामी करते. मण्यारचे विष एकदा मज्जातंतूंच्या टोकांना जखडले की लस ते सोडवू शकत नाही. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन या औषधाने बरेचदा फरक पडतो, मण्यारच्या दंशात फारसा नाही. ती टोके शरीर स्वतःच पुन्हा तयार करते आणि त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस श्वास चालू ठेवला तर माणूस उठून घरी येतो.

म्हणून तालुक्याला पाठवताना अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, आणि ती दाबणारा माणूस सोबत हवाच. मिनिटाला १२ ते १५ वेळा दाबायची, हनुवटी वर धरायची, कारण जीभ मागे पडून श्वासनलिका बंद होते. लाळ साचते, म्हणून बॅग चालू नसेल तेव्हा रोग्याला कुशीवर ठेवायचे. आमच्या मित्राचा श्वास वाटेत, खाजगी गाडीत थांबला. गाडीत बॅग नव्हती. तो कशामुळे गेला, याचे उत्तर इथे आहे. आणि अशा रोग्याच्या बाहुल्या फाकलेल्या दिसतात, हातपाय हलत नाहीत, तरी आत शुद्ध असू शकते. त्याच्यासमोर 'संपले' म्हणू नये आणि बॅगही सोडू नये.

आता फोटोबद्दल. 'विषारी मण्यार' म्हणून तुम्ही जो साप छापला, तो बिनविषारी कवड्या आहे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारच्या अंगावर पांढऱ्या बारीक रेषांच्या जोड्या असतात, डोक्यामागे बरेच अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. तुमचा फोटो मनात ठेवून कोणी खऱ्या मण्यारला कवड्या समजून हात घातला तर? पाहूनही खात्री होत नसेल तर लांबच राहावे, एवढे तरी खाली लिहायचे होते. आणि खाटेवर झोपा, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा, या दोन ओळींना जागा किती लागली असती?

दुरुस्ती छापा, ही मागणी केवळ मानापमानासाठी नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा आहे. आरोग्य केंद्राच्या कागदावर 'पोटदुखी' लिहिले आहे, तुमच्या बातमीत 'आजारी असताना मांत्रिकाकडे नेले' असे आहे. शवविच्छेदन झाले आहे, व्हिसेराचा (आतल्या अवयवांच्या तपासणीचा) अहवाल यायचा आहे. तोवर त्याच्या बायकोच्या हातात हेच दोन कागद आहेत. बातमीत त्याच्या वडिलांचे नावही चुकले आहे. सातबाऱ्यावर आहे तसे बरोबर नाव सोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहे, दुरुस्तीत तेच घ्यावे.

आपला,
एक वर्गमित्र (निवृत्त आरोग्य सहाय्यक)
जि. यवतमाळ